गुलाबी चाक

“ठेवून जा, बघतो,” असं बोलून तर बसले, आणि पुढच्याच क्षणी मशीनकाकांना स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

नाही म्हणायचं ठरलेलं होतं. गेले आठ महिने ते येईल त्याला नाहीच म्हणत होते. ‘आता वय झालं’, ‘पार्ट मिळत नाहीत’, ‘दुकान केव्हाच आवरलं’, ही कारणं तोंडपाठ होती आणि तशी ती खोटीही नव्हती. फक्त जे मूळ कारण होतं, ते त्यांनी अजून एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी टाइपरायटर दुरुस्त केले. कचेऱ्या, कोर्टं, बँका, टायपिंगच्या शाळा. कुठेही मशीन अडून बसलं की यांना बोलावणं यायचं. त्यांचं पाळण्यातलं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, पोस्टमनलासुद्धा नाही. सगळ्यांचे ते मशीनकाका. मग संगणक आले, मशीनं माळ्यावर गेली आणि त्यांच्या मागोमाग दुकानही गेलं. राहिलं ते घराच्या रस्त्याकडच्या खोलीतलं लांबलचक टेबल, मान वाकवता येणारा दिवा आणि बारीक बारीक खणांचं एक लोखंडी कपाट. तरी महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी हौशी माणूस मशीन घेऊन यायचा आणि काकांचा आठवडा आनंदात जायचा.

मग डोळ्यांनी दगा दिला. आधी डाव्याने, पाठोपाठ उजवाही कुरकुरायला लागला. सरळ बघितलं की बरोबर मधोमध धुरकट डाग, काचेवर कुणी ओला अंगठा टेकवावा तसा. कडेचं मात्र सगळं स्वच्छ. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, मागचं दारही दिसायचं; चेहरा तेवढा गायब. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून काकांनी पहिले दोन महिने ढकलले. पुढचे सहा महिने नुसत्या भीतीने ढकलले. डॉक्टरने काही बोलून दाखवलं तर ते खरं ठरेल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

घरात दोघंच. काकांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पुलांच्या कामावर असायचा आणि महिन्यातून चार दिवस घरी यायचा. बाकीचे दिवस सासरा आणि सून. सून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याची मापं पाठवायचे, आणि ही दिवसभर बसून त्यांवरून कवळ्या आणि कॅपा करायची. सासऱ्या-सुनेचं भांडण असं कधी झालं नाही. पण भांडण व्हायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही ती दोघं बोलत नसत. “जेवायला वाढलंय.” “आलो.” “गोळी घेतली?” “घेतली.” झालं.

तिच्यापासून डोळे लपवणं काकांना फार जड गेलं नाही. सकाळी ती आंघोळीला गेली की ते रेडिओवर बातम्या ऐकून घ्यायचे. मग ती बाहेर आल्यावर पेपर उघडून बसायचे आणि मध्येच म्हणायचे, “पुरवठामंत्री बदलला म्हणे.” पानंही अगदी हिशेबात उलटायचे.

त्या दिवशी आलेल्या बाई मात्र त्यांच्या तिन्ही कारणांना पुरून उरल्या.

टॅक्सीवाल्याने मशीन उचलून टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल कण्हलं. सतरा-अठरा किलोंचं धूड. काकांनी झाकणावरून नुसता तळवा फिरवला आणि ओळखलं. विजेवर चालणारं, अक्षरांच्या दांड्या नसलेलं मशीन. त्यात लिंबाएवढा एक गोळा असतो, त्याच्या अंगावर सगळी अक्षरं उठवलेली असतात, आणि कळ दाबली की गोळा गर्रकन फिरून हवं ते अक्षर कागदावर आपटतो. चांगलं पंचेचाळीस वर्षांचं असेल.

“मी कोर्टात स्टेनो होते,” बाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं. निवृत्त झाले तेव्हा कोर्ट ही मशीनं भंगारात काढत होतं. मी म्हटलं, हिला मी घेऊन जाते.”

“काय होतंय?”

“मोटर चालते. गुरगुर ऐकू येते. कळ दाबली की आत कर्रर्र होतं आणि गोळा जागचा हलत नाही.”

“बाई, याचे पार्ट आता मिळत नाहीत. आणि माझंही वय झालं. तुम्ही एखादा कॉम्प्युटर का नाही घेत?”

त्यावर स्टेनोबाईंनी आपला उजवा हात दिव्याखाली धरला. काकांनी मान जराशी वळवून कडेने बघितलं. हात वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता.

“घेऊन बघितला. बोट टेकवलं की एका ‘क’चे सात ‘क’ होतात. ही बया मात्र एकदा दाबलं की एकदाच उमटवते, मग बोट वर किती का नाचेना. हाताने लिहिलेलं तर माझं मलाच वाचता येत नाही.” बाई खुर्चीत बसल्या. “माझी थोरली बहीण आहे. ऐंशी वर्षांची, लांब राहते. तिला ठार ऐकू येत नाही, म्हणजे फोनचा उपयोग शून्य. मोबाइलच्या काचेला ती हात लावत नाही, म्हणते, काहीतरी भलतंच दाबलं जाईल. अकरा वर्षं झाली, दर मंगळवारी माझं पत्र जातं. आता तीन आठवडे गेलं नाही. काल तिचं हे आलं.”

त्यांनी पर्समधून एक कागद काढला आणि काकांच्या हातात दिला.

आता आली का पंचाईत! काकांनी कागद नाकाजवळ नेला, लांब धरला. ओळींच्या जागी मुंग्या आणि मुंग्यांच्या मधोमध धूर. वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ ते थांबले आणि गंभीरपणे “हं” म्हणाले.

“शेवटची ओळ वाचलीत ना?” बाईंनी विचारलं.

“वाचली.”

“ती वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये हो.”

न वाचलेल्या ओळीला मान डोलावल्याची काकांना अशी काही शरम वाटली की तोंडून निघूनच गेलं, “ठेवून जा, बघतो.”

---

दुसऱ्या दिवशी सून लॅबमध्ये गेल्यावर काकांनी दार लोटलं आणि मशीन उघडायला घेतलं. सुरुवात झकास झाली. झाकणाचे स्क्रू, गोळा, शाईची फीत, सगळं बोटांनीच निघालं. डोळ्यांची गरज अशी पडलीच नाही. चाळीस वर्षं हीच वळणं बोटांनी पायाखाली घातली होती. काढलेली प्रत्येक वस्तू ते एका ताटलीत ओळीने ठेवत होते.

मोटरचा पट्टा एका आडव्या दांड्याला फिरवतो. त्या दांड्याच्या टोकाला एक लहानसं प्लॅस्टिकचं दातेरी चाक होतं, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. काकांनी त्याच्या कडेवरून नखं फिरवली. दात, दात, दात, मग रिकामी जागा. पुन्हा रिकामी. तिसरीही. मधल्या भोकापासून कडेपर्यंत नखाला एक बारीक चीरही लागली.

“सापडलास!” काका मोठ्याने म्हणाले.

चाक बाहेर काढायचं तर त्याच्याआधीची एक बारीक स्प्रिंग सोडवायला हवी होती. तिला आकड्याने धरून ओढायचं आणि दुसऱ्या हाताने झेलायचं. तेवढं एक काम डोळ्यांचं. काकांनी आकडा लावला, ओढला, आणि ‘टिंग’ झालं.

स्प्रिंग गेली. कुठे गेली ते तिलाच माहीत.

काका खाली बसले. मग गुडघ्यांवर आले. मग दोन्ही हातांवर. फरशीचा तुकडा न् तुकडा तळव्यांनी पुसून काढला, टेबलाखाली गेले, कपाटाखाली हात घातला. अर्धा तास झाला, तास झाला. गुडघे बोंबलायला लागले. बाईंनी विश्वासाने दिलेलं मशीन आपण आणखी मोडून ठेवलं, या विचाराने ते पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून चाचपायला लागले.

लॅबमधली वीज गेली होती, म्हणून सून दुपारीच परत आली. बघते तर सासरा टेबलाखाली रांगतोय.

“बाबा! काय झालं? पडलात का?”

“छे छे. पाठीचा व्यायाम.”

“टेबलाखाली?”

तिने पर्स खुंटीला अडकवली आणि वाकून बघितलं. “काही शोधताय का?”

“एक बारीक स्प्रिंग आहे.”

“ही काय, तुमच्यासमोर. हाताच्या अंतरावर.”

काकांनी समोर बघितलं. टक लावून बघितलं. समोर धूर होता.

तिने स्प्रिंग उचलली, पण दिली नाही. चिमूट पुढे धरून ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “माझ्या हातात काय आहे, सांगा.”

“स्प्रिंग.”

“मी ती केव्हाच खिशात टाकली. आता काय आहे?”

काकांची मान सवयीने तिरकी झाली.

“किती दिवस झाले?” तिने विचारलं.

“आठ महिने.” मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, त्यांनी सगळं सांगून टाकलं. डाग, वाकड्या ओळी, रेडिओवरच्या बातम्या. आपला आवाज लहान मुलासारखा येतोय हे त्यांना कळत होतं.

सून रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि भलतंच बोलली.

“मला वाटायचं, तुम्हाला माझा राग आहे.”

“तुझा? तो कशाला?”

“तुम्ही माझ्याकडे बघून बोलतच नाही, बाबा. सदा खांद्यावरून पलीकडे बघता. मी यांनाही सांगितलं, म्हटलं, बाबांना मी समोर नकोशी होते. हे म्हणाले, तसं काही नसतं, त्यांचा स्वभाव आहे. मी किती वेळा आठवून बघितलं, आपलं कुठे काय चुकलं.”

“अगं वेडे,” काका म्हणाले, “पलीकडे बघितलं तरच तुझा चेहरा दिसतो.”

सुनेने ओढणीने डोळे टिपले, ते काकांना कडेने दिसलं.

“आता एक काम कर,” ते म्हणाले. “टेबलावर एक पत्र असेल, बाई विसरून गेल्या. त्याची शेवटची ओळ मला वाचून दाखव. तिच्यावरून मी हे झेंगट गळ्यात घेतलंय आणि मला ती माहीतच नाही.”

तिने कागद उलगडला. “ ‘रागावली असशील तर निदान रागावलेय एवढं तरी टाइप करून पाठव. तुझं माझ्यावाचून अडत नसेल, माझा मंगळवार मात्र जाता जात नाही.’ ”

काकांनी हात पुढे केला. “उठव मला.”

---

सुनेने चाक दिव्याखाली धरलं आणि तिचा चेहरा बदलला. पर्समधून तिने कामाचं भिंग काढून डोळ्याला लावलं.

“चोवीसपैकी तीन दात पडलेत. आणि मधोमध तडा.”

“तेच तर. कुठून आणायचं आता? असलं मशीन कुणी भंगारात काढलं तर त्यातलं मिळेल. पण त्यातलंही इतकंच म्हातारं असणार.”

“आणायचं कशाला? बाबा, मी दिवसभर करते काय? पडलेले दातच बसवते ना?”

काका हसले. कवळी करणाऱ्या पोरीने मशीनचं चाक करायचं म्हणजे चेष्टाच, असं ते वर्षभरापूर्वी म्हणालेही असते. आता त्यांनी विचारलं, “कशाचं करशील?”

“धातूचं ओतता येईल. एकदम कडक.”

“तिथेच चुकतेस. हे चाक मुद्दाम मऊ ठेवलंय. आत काही अडकलं तर या बिचाऱ्याने मोडायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. हे कडक केलंस तर उद्या ते समोरच्या चाकाचे दात खाईल. मग सगळंच संपलं.”

ती विचारात पडली. “कवळीचं नेहमीचं प्लॅस्टिक घेतलं तर ते ठिसूळ, पहिल्याच दिवशी तुटेल. पण एक नायलॉन असतं. ज्यांना ताठ कवळी टोचते त्यांच्यासाठी आम्ही वाकणारी करतो, ती त्याची असते. वाकते पण मोडत नाही.”

“ते चालेल!”

“चालेल. पण आधी डोळ्यांचा डॉक्टर.”

“आधी मशीन होऊ दे. बाई तिकडे—”

“आधी डॉक्टर,” सून म्हणाली. सहा वर्षांत तिने त्यांचं बोलणं पहिल्यांदाच मध्ये तोडलं होतं. “नाहीतर चाक विसरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, फोटो काढले, चौकटींचा कागद दाखवून कुठल्या रेघा वाकड्या दिसतात ते विचारलं, आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला, तो आता परत येणार नाही. उजव्यात पडद्यामागे पाझर सुरू झालाय. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर तो थोपवता येईल, कदाचित थोडं सुधारेलही. “आणखी दोन-तीन महिने घरी बसला असतात, तर मला काहीच करता आलं नसतं.”

काकांनी पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर त्यांना घाम फुटला होता. प्रत्यक्षात ते मुंगी चावल्याइतकंच निघालं. परतताना मात्र ते डाव्या डोळ्याविषयी एक अक्षरही बोलले नाहीत. सुनेनेही समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. जिना चढताना तिने फक्त कोपर पुढे केलं, आणि त्यांनी ते धरलं.

---

चाकाचं काम लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत झालं. सुनेने मोडक्या चाकाचा रबरी ठसा घेतला. त्यात मेण ओतून मेणाचं चाक काढलं आणि पडलेले तीन दात शेजारच्या दातांकडे बघत मेणातच कोरले. मग ते प्लास्टरमध्ये बसवून मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत दाबाखाली तापलेलं नायलॉन सोडलं. लॅबचे मालक मागून येऊन वाकून बघत होते.

“हे कुठल्या पेशंटचं?”

“सासऱ्यांचं.”

“तोंडात चाक?”

“मोठी गोष्ट आहे, सर,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिने चाक काकांच्या तळहातावर ठेवलं. “फक्त एक गोष्ट आहे. हे नायलॉन आमच्याकडे हिरड्यांच्याच रंगात येतं. चाक गुलाबी झालंय.”

“असू दे. आत कोण बघायला जातंय?” काकांनी ते दांड्यावर चढवलं, चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं आणि ओठ पुढे काढले. “खेळतंय.”

“म्हणजे?”

“ढिलं आहे. दात समोरच्या दातात पुरते जात नाहीत.”

तिने भिंग लावून बघितलं. “मला तर बरोबर दिसतंय.”

“दिसण्यावर जाऊ नकोस. बोट लाव. इथे. आता हळूच हलव. लागला धक्का?”

तिने डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला तिला तो धक्का लागला, केसाएवढा. “अगंबाई! थंड होताना आकसतं ना ते. कवळीत एवढं चालून जातं, हिरडी सांभाळून घेते.”

“लोखंड सांभाळून घेत नाही.”

दुसरं चाक करताना तिने मेणाच्या चाकावर आणखी एक पातळ थर चढवला आणि भोक मुद्दाम लहान ठेवलं. घरी आल्यावर काकांनी ते भोक बारीक कानशीने मोठं केलं. एक फिरवणी, एकदा दांड्यावर घालून बघणं, पुन्हा एक फिरवणी. पाऊण तास हेच चाललं होतं. शेवटी चाक दांड्यावर जाताना किंचित अडलं आणि मग बसलं. काकांनी हलवून बघितलं. ते हललं नाही.

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. काकांचा डोळा अजून लाल होता, त्यामुळे हात सुनेचे आणि जीभ काकांची.

“आकडा खालून घाल. खालून! वरून नव्हे.”

“खालूनच घालतेय.”

“मग आवाज असा का येतोय?”

“बाबा, तुम्ही ओरडलात ना, की माझा हात हलतो. लॅबमध्ये मी परक्या माणसाच्या जबड्यातला दात बसवते, तिथे कुणी ओरडत नाही.”

काका तोंड मिटून बसले. पाच मिनिटं तशीच गेली. मग ‘टक’ असा आवाज आला आणि सून म्हणाली, “बसली स्प्रिंग.”

“छान,” काका म्हणाले. हा शब्द त्यांनी दुकानातल्या हाताखालच्या माणसांनाही क्वचितच ऐकवला होता.

तिने प्लग हातात घेतला. काकांनी तिचं मनगट धरलं. “थांब. चाक मोडलं कशामुळे, ते आपण शोधलंय कुठे? नवं चाकही उद्या मोडेल.” त्यांनी तिला दांडा हाताने हळूहळू फिरवायला लावला आणि स्वतः त्याच्यावर दोन बोटं ठेवली. अर्ध्या फेरीनंतर दांडा जड झाला, पुढे पुन्हा हलका. “इथे. या बुशाच्या, म्हणजे दांडा फिरतो त्या कड्याच्या आत. जुनं वंगण घट्ट होऊन डिंक झालंय त्याचं. मोटर जोर लावायची, दांडा हटून बसायचा, आणि मधल्या मध्ये चाक बिचारं मेलं.”

स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्यांनी तो डिंक काढायला तासभर लागला. सुनेच्या नखांत काळं गेलं. नवं तेल दोन थेंब, जास्त नाही. दांडा फिरला तो लोण्यातून फिरावा तसा.

आता प्लग लावला. मोटर गुरगुरली. सुनेने कागद घातला आणि ‘ताई’ टाइप केलं. गोळा फिरला, कागदावर आपटला, आणि कागदावर उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. अक्षरं भलतीच, आणि तीही अर्धीमुर्धी, डोकी उडालेली.

तिचा चेहरा पडला. “वाया गेलं सगळं.”

“काही वाया गेलेलं नाही. पुन्हा दाब. मला ऐकू दे.” काकांनी कान मशीनजवळ नेला. टक. टक. टक. ते मिस्कील हसले. “चाक एक दात पुढे लागलंय. गोळ्याला वाटतंय आपण एका घरात आहोत, आणि तो आहे शेजारच्या घरात. काढ, एक दात मागे घे आणि पुन्हा लाव.”

तिने काढलं, एक दात मागे घेतलं, पुन्हा लावलं. कळ दाबली.

“काय आलं?” काकांनी विचारलं.

कागद काढून तिने त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कडेशी धरला. काळंभोर, ठसठशीत ‘ताई’.

---

सुनेने फोनवर चाकाची हकिगत सांगितली, आणि स्टेनोबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. टॅक्सीवाला मशीन उचलायला पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, “जरा थांबा, इथेच बघते.” त्यांनी खुर्ची ओढली, मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली आणि सुरू झाल्या. हात थरथरत होते, पण बोटं कळांवर बिनचूक पडत होती. गोळा नाचत होता. सुनेने असं टायपिंग कधी बघितलं नव्हतं. ती दारात उभी राहून बघतच राहिली. काका बघत नव्हते. ते मान खाली घालून ऐकत होते आणि प्रत्येक ओळीला त्यांच्या खांद्यांतला ताण थोडा थोडा उतरत होता.

पान भरल्यावर बाईंनी ते काढून काकांपुढे धरलं.

“वाचा.”

काकांनी हात पुढे केला नाही. “बाई, मला वाचता येत नाही. डोळे गेलेत. म्हणजे एक गेलाय, एक राखायचं चाललंय. त्या दिवशीचं पत्रही मी वाचलं नव्हतं. नुसतीच मान डोलावली.”

बाई कागदाची घडी घालता घालता म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. तुम्ही फार वेळ लावलात. तीन ओळींचं तर पत्र होतं. कोर्टात एकतीस वर्षं काढलीत मी, न वाचता सही करणारे पुष्कळ बघितलेत.”

“मग मशीन ठेवून का गेलात?”

“तुम्ही झाकणावर हात फिरवलात ना, तो बघून.” त्या सुनेकडे वळल्या. “आणि चाक तू केलंस म्हणे. माझी वरची कवळी सारखी निसटते, तीही एकदा बघ.”

“या की लॅबमध्ये,” सून म्हणाली. “रंग मात्र एकच मिळेल.”

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. काका खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग डोळा चुरचुरला म्हणून ओरडले.

पंधरा दिवसांनी मुलगा घरी आला. आठवड्याच्या मधला वार होता, संध्याकाळची वेळ. पायऱ्यांवरच त्याला बापाचा चढलेला आवाज ऐकू आला, आणि त्याला तोडीस तोड असा बायकोचाही. तो धावत आत शिरला. टेबलावर एक अनोळखी, धुळकट टाइपरायटर पोट उघडून पडला होता. सून त्यात मनगटापर्यंत हात घालून बसली होती आणि काका तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

“तो स्क्रू डावीकडे फिरतो, कितीदा सांगायचं?”

“आणि मी कितीदा सांगू, हा गंजलाय!”

“काय चाललंय काय?” मुलाने विचारलं. “भांडताय का तुम्ही दोघं?”

“आलास? बरं झालं,” काका म्हणाले. “बूट काढ आणि तो दिवा जरा इकडे धर. तिला दिसत नाहीये.”